उंदीरमाऱ्याचा उन्हाळा

वैशाख लागला की आमच्या भागात तीन गोष्टी एकदम सुरू होतात. लग्नं, कांद्याच्या गाड्या आणि ब्रेक. लग्नं आणि कांदे सगळीकडेच असतात. ब्रेक मात्र आमच्या पुणे-नगर रस्त्याचं खास पीक आहे. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही, आणि दर वर्षी भरघोस येतं.

परवाचीच गोष्ट. भर दुपारी शिरूरच्या स्टँडजवळ एक पोरगं एसटीतून उतरलं. हातात डबा, पाठीला सॅक, आणि सॅकच्या तोंडातून डोकावणारे सेफ्टी बूट. कामावरचा माणूस बूट पायात घालून येतो. बूट पिशवीत घालून येतो तो ब्रेक मिळालेला. पोरगं रसवंतीच्या सावलीला गेलं, रस मागवला आणि ग्लासाकडे नुसतं बघत बसलं. घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. घरी गेलं की आई विचारणार, आज लवकर कसा? रसातला बर्फ विरघळून गेला तरी पोरगं हललं नाही. आणि मला वीस-बावीस वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवला.

ज्यांना कंपनीच्या पत्र्याखालचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठेक्यावरच्या माणसाला सात-आठ महिने होत आले की एक दिवस मुकादम खांद्यावर हात ठेवतो आणि मायेनं म्हणतो, जरा आराम कर. हा आराम म्हणजेच ब्रेक, आणि तो कायद्याला घाबरून दिलेला असतो. माणूस सलग राबला तर कायम करावा लागेल, म्हणून सलग राबूच द्यायचा नाही. महिना-दीड महिना घरी बसवायचा, मग वाटलं तर परत बोलवायचा. नवं कार्ड, नवा नंबर, आणि हुद्दा पुन्हा हेल्पर. मागच्या खेपेला तुम्ही मशीन चालवलं असेल, नव्या पोरांना शिकवलं असेल, बोट गमावलं असेल, सगळं पुसून कोरं. माणूस वर्षानुवर्षं पहिल्याच पायरीवर चढत राहतो.

त्या उन्हाळ्यात आम्हा चौघांना एकदमच आराम मिळाला. आणि तो उन्हाळा म्हणजे काय सांगू. आमच्या भिंतीवरची पाल दुपारी खाली पडली ती भाजूनच पडली. रसवंतीवाल्यानं चरकात ऊस घातला की खालून थेट काकवी यायची. घोडनदीत पाणी शोधायला गेलेल्या म्हशी अंगावर धूळ घेऊन, समाधान मानून परत यायच्या. कांद्याच्या गाड्या रस्त्यानं निघाल्या की त्या वासानं वरातीतली माणसं रडायची, आणि नवरीकडच्यांना वाटायचं, किती माया आहे बघा.

चौघांत मी एक. दुसरा गुलाब, केंदूरचा, घरचा झेंडूचा मळा असूनही फुलांना कंटाळलेला. नाव ऐकून नाजूक वाटेल, पण तो दारातून आत यायचा तेव्हा दाराला विचारून यायला लागायचं. तिसरा सोपान, दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचा, शिरूरला खोली घेऊन राहायचा. कॉलेजात एक वर्ष इंग्रजी घेऊन बसलेला, त्यामुळे आमच्यात पंडित. आणि चौथा रफिक.

रफिक शिरूरचाच. पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजणारं घर, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत गाद्यांचं दुकान. त्याच्या वडलांना सगळं गाव चाचा म्हणायचं. चाचा खोकायला लागले की शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली पातेली एकमेकांवर आपटायची, इतकी रुई त्या छातीत साठलेली होती. एक गादी भरून निघाली असती. रफिकची छाती तर जन्मापासूनच कच्ची. लहानपणी पिंजायच्या खोलीत घटकाभर थांबला की ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्याला रुईपासून लांब ठेवा. म्हणून तो कंपनीत लागला. तिथल्या तेलाच्या आणि गरम लोखंडाच्या वासात त्याला मोकळा श्वास यायचा. लोकांना डोंगरावर जाऊन बरं वाटतं, ह्याला पत्रा दाबणाऱ्या मशीनींच्या प्रेस शॉपमध्ये बरं वाटायचं.

पण चाचांचं आता वय झालं होतं. मशीन ओढवत नव्हतं आणि लग्नसराई दारात उभी. ब्रेक मिळाल्यावर त्यांनी रफिकला समोर बसवून सांगितलं होतं, ह्या खेपेला कंपनीनं परत बोलावलं तर जा, मी मशीन विकून टाकीन. नाही बोलावलं तर कंपनीमागं धावणं बंद, मशीनवर बसायचं. त्यात राग नव्हता. त्यांच्याकडे दुसरा उपायच नव्हता. रफिकनं मान हलवली आणि त्या दिवसापासून तो फोनची वाट बघायला लागला. मुकादम स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर फोन करून बोलावणं पाठवायचा. आमच्यासाठी तो फोन म्हणजे पगार होता. रफिकसाठी तो श्वास होता, आणि ह्यात मी तिखटमीठ लावत नाही.

वाट बघायची म्हणजे दुपारी मारायच्या. त्यासाठी सोपाननं पुस्तक आणलं.

सोपानचा मामा दौंड स्टेशनावर चहा विकायचा. तिथं इंजिन फिरवायला गाड्या निवांत उभ्या राहायच्या, माणसं उतरून चहा प्यायची आणि चहाच्या नादात काहीबाही विसरायची. छत्र्या, चपला, एकदा एक सासू. असंच कुणीतरी हे जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून गेलं, कव्हर नसलेलं. मामानं मालक परत येईल म्हणून ते वर्षभर किटल्यांमागं जपलं आणि शेवटी सोपानला दिलं. सोपान चार दिवस त्यात डोकं घालून बसला आणि पाचव्या दिवशी बाहेर येऊन म्हणाला, हा खेळ आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यात राहायचं.

रफिकच्या दुकानामागच्या वखारीत, रुईच्या गठ्ठ्यांना पाठ लावून आम्ही तिच्यात राहायला गेलो. खरं तर रफिक उंबऱ्यातच बसायचा, नाकाला रुमाल लावून, तोंड बाहेरच्या हवेकडे. गोष्टीतलं राज्य धुक्याचं होतं. बाहेर अंगाची लाही होत असताना सोपान आम्हाला धुकं सांगायचा, चिखल सांगायचा, काळ्या तटबंदीची गावं आणि त्यांच्याखालच्या गटारात फिरणारे वासराएवढे उंदीर. गुलाबला तर एकदा खरोखर थंडी वाजली, तो वैशाखात गोधडी मागायला लागला. सोपान सगळं ठरवणारा, म्हणून त्याला आम्ही सरकार म्हणायचो.

खेळाला म्हणे एकपासून शंभरपर्यंत आकडे पाडणारे फासे लागायचे. आम्ही गणपती मंडळाची हौजीची आकड्यांची पिशवी आणली. तिच्यात नव्वदच सोंगट्या. सरकारनं हिशेब केला आणि म्हणाला, ह्या खेळात लहान आकडा चांगला, मोठा वाईट. म्हणजे सगळ्यात वाईट नशीब आपल्या पिशवीतच नाही. आम्हाला ते फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही अशा ठिकाणी बसलो होतो.

सुरुवातीला प्रत्येकानं पिशवीत हात घालायचा आणि जो आकडा येईल तो धंदा पत्करायचा. राजा व्हायचंय, शूर योद्धा व्हायचंय, असलं काही चालत नव्हतं. मला दवंडीवाला मिळाला. तिघंही हसले, सोंगट्यांनी माणूस बरोबर ओळखला म्हणाले. गुलाबला थडगी खणायचं काम. आणि रफिकला उंदीरमाऱ्या.

हा धंद्यांचा भाग म्हणजे त्या खेळाचा जीव. प्रत्येक धंद्याच्या पानावर काही घरं आखलेली. नजर, ताकद, हिंमत, अशी. तुम्ही काही मर्दुमकी केली की सरकार गुण देणार, त्या गुणांनी एकेक घर भरायचं. सगळी घरं भरली की तो धंदा संपला. मग पानाच्या तळाशी लिहिलेलं असायचं, इथून पुढं कुठं जाता येईल. उंदीरमाऱ्याचा पहारेकरी होईल, पहारेकऱ्याचा नगररक्षक, नगररक्षकाचा किल्लेदार. आणि रफिकला ज्या नियमानं वेड लावलं तो हा, की मागच्या धंद्यात जे शिकलात ते पुढच्यात तुमच्याबरोबरच येतं. किल्लेदार झालात तरी अंधारात उंदराची चाहूल घ्यायची कला तुमचीच.

रफिकनं हे सोपानला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "म्हंजी पुसत न्हाईत?"

"न्हाई पुसत," सोपान म्हणाला.

"ब्रेक बी न्हाई?"

"धुकं असतं. ब्रेक न्हाई."

रफिकनं पुस्तक मागून घेतलं आणि पानाच्या तळाच्या ओळीवर बोट फिरवलं.

आता आमची एक चूक सांगतो. ती जगात दुसऱ्या कुणी केली नसेल, माझी खात्री आहे. पुस्तकात लिहिलं होतं की पुढच्या धंद्यात जायचं तर त्या धंद्याचं सामान माणसाजवळ पाहिजे. पुस्तक लिहिणाऱ्याचं म्हणणं असणार, गोष्टीतल्या माणसाजवळ. सोपानला वाटलं, खेळणाऱ्याजवळ. आम्हालाही तेच पटलं. आयटीआयला जाताना आपली फाईल आणि पट्टी आपणच न्यायची असते, कुणी कागदावर लिहून देत नाही. शिवाय आमच्या सरकारनं भर घातली, की विकत घेतलेलं किंवा चोरलेलं चालणार नाही. जो माणूस तो धंदा करतो त्यानं आपल्या हातानं दिलं पाहिजे, तरच विद्या लागते.

मग काय विचारता. मला दवंडीवाल्यावरून भोंदू वैद्य व्हायचं होतं, म्हणून मी बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याच्या मागं लागलो. त्यानं एक बाटली दिली. तिचा एक थेंब वखारीच्या फरशीवर पडला, तिथं अजून मुंगी फिरकत नाही. उंदीरमाऱ्याला पुस्तकात एक लहान पण खुनशी कुत्रं सांगितलेलं. रफिकनं खाटकाकडून एक मागून आणलं. त्या कुत्र्यानं एसटीचं टायर फोडलेलं होतं असं खाटीक अभिमानानं सांगायचा. आल्या आल्या ते सरकारलाच चावलं. गुलाबनं तर कहर केला. त्याला नावाडी व्हायचं होतं. वल्हं आणलं असतं तरी चाललं असतं. हा भीमेकाठच्या नातेवाइकाकडून गूळ शिजवायची काहील घेऊन आला. त्या बाजूला पूर्वी काहिलीत बसूनच नदी ओलांडायचे, म्हणजे नाव ती हीच. ट्रॅक्टरमधून उतरवताना ती सुटली आणि गल्लीतून घरंगळत स्टँडपर्यंत गेली, वाटेत एका वरातीतून आरपार. नवरदेवाच्या घोड्यानं तिला वाट दिली, वाजंत्र्यांनी ताल धरला. अशी आमची प्रगती चालली होती.

रफिकची घरं सगळ्यात आधी भरली. तो खेळायचाच तसा. आम्ही गमतीनं खेळायचो, तो कामावर आल्यासारखा. उंदीर मारायचा म्हटलं की आधी भोक कुठं, वारा कुठून, कुत्रं कुठं उभं करायचं, सगळं विचारून घ्यायचा. मे अर्धा गेला आणि त्याच्या पानावर रिकामं घर उरलं नाही. त्यानंतर मिळालेले गुण नुसते साचायला लागले. लावायला जागा नाही. तो दुपारी यायचा तेव्हा पहिलं बूथवर विचारून यायचा, फोन नाही. मग वखारीत बसायचा, इथंही पुढं सरकता येत नाही. पहारेकऱ्याचा कंदील त्याच्याकडे आला होता, दंडुका आला होता. राहिली होती शिट्टी. जत्रेतली शिट्टी सरकारनं नाकारली. शाळेच्या पीटीच्या सरांची देऊ केली, तीही नाकारली.

"पहारेकऱ्याची पायजे," सोपान म्हणाला.

आमच्या ओळखीचा पहारेकरी एकच. कंपनीच्या गेटवरचे आबा, मिलिटरीतून आलेले. म्हणून सगळे त्यांना फौजी आबा म्हणायचे.

ब्रेकचा एक अलिखित नियम असतो. ब्रेकमध्ये गेटवर दिसायचं नाही. कागदावर तुम्ही काम सोडून गेलेले असता, सोडून गेलेला माणूस परत कशाला येईल? आला म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी आहे. त्यात त्या उन्हाळ्यात युनियनचा बोर्ड लागणार अशी कुजबुज होती. ब्रेकवरची पोरं पुण्याला कामगार ऑफिसात जाणार, असंही कुणीतरी उठवलेलं. रफिकला हे सगळं ठाऊक होतं. पण साचलेले गुण माणसाला स्वस्थ बसू देत नाहीत. एका दुपारी तो ट्रकमधून गेटवर गेला. फौजी आबांना तो आवडायचा. त्यांनी कशाला म्हणून विचारलंदेखील नाही, गळ्यातली शिट्टी दोरीसकट काढून त्याच्या हातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटली. नेमका त्याच वेळी मुकादम स्कूटरवरून आत शिरत होता. त्यानं गेटवर ब्रेकवरचा माणूस पाहिला, वॉचमन पाहिला, आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेलेलं काहीतरी पाहिलं. तो थांबला नाही.

दोन दिवसांनी दुसऱ्या एका कामगाराकडून निरोप आला. रफिकचं ह्या वेळी बघू, असं मुकादम म्हणतोय.

कंपनीच्या भाषेत बघू म्हणजे काय ते शिरूरच्या कुत्र्यालाही कळतं. रफिकनं निरोप ऐकला आणि तो उंबऱ्यावरून उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, परत गेला. आतून चाचांचा खोकला येत होता. त्या दिवशीच्या खेळात तो पहारेकरी व्हायचा होता, तो खेळ झालाच नाही.

नंतरचे दिवस मला उन्हानं फिकट झालेल्या कापडासारखे आठवतात. वरातींचे बँड वाजत होते आणि त्यातलं एकही गाणं आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. गुलाब म्हणाला, मुकादमाच्या पुतण्याचं लग्न आहे, तिथं जाऊ, राबू, माणूस खूश असला की ऐकेल. चाचांनी काही न विचारता त्या लग्नासाठी गादी भरून दिली, निवडक रुईची. ती रफिकनं स्वतः पिंजली, नाकातोंडाला ओलं फडकं बांधून. पिंजून बाहेर आला तेव्हा भिंतीला धरून उभा राहिला. त्याच्या छातीतून जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज येत होता.

दोन दिवस आम्ही पंगती वाढल्या. मी बुंदीचं घमेलं घेऊन इतका फिरलो की पाहुणे मलाच नवरदेवाचा मामा समजून पाया पडायला लागले. शेवटची पंगत उठल्यावर मुकादम फेटा मांडीवर ठेवून मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. वाईट माणूस नव्हता. पान जुळवत होता, चेहरा दमलेला. आम्ही चौघं समोर जाऊन उभे राहिलो. बोलायचं सोपानकडे होतं. मुकादमाला सगळी पोरं मामाच म्हणायची.

"मामा, रफिक गेटवर कशाला आलता ते सांगायचं हाय."

"सांग की."

"शिट्टी न्यायला."

"शिट्टी?"

"त्येला पहारेकरी व्हायचं हाय."

"मंग तसं सांगायचं. सिक्युरिटीचा ठेका येगळा हाय."

"तसला पहारेकरी न्हाई, मामा," सोपान म्हणाला. "आत्ता तो उंदीरमाऱ्या हाय."

मुकादमानं पान तोंडाजवळ नेलं होतं ते खाली आणलं. "त्येला असं कोण म्हणतं?"

"आमीच."

"आन् तू कोण?"

"मला सरकार म्हणत्यात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, भोंदू वैद्य. गुलाबला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो मागून म्हणाला की मी नावाडी. आयुष्यात मी इतक्या थापा मारल्या आहेत आणि त्या सगळ्या लोकांनी गिळल्या आहेत. त्या दिवशी आम्ही चौघं मिळून शब्दन् शब्द खरं सांगत होतो आणि शब्दागणिक मुकादमाचा चेहरा दगड होत चालला होता.

"पहारेकऱ्याच्या म्होरं काय असतं?" त्यानं हळूच विचारलं.

रफिक पहिल्यांदाच बोलला. "नगररक्षक, मामा. मग किल्लेदार."

"किल्ला म्हंजी आपली कंपनी."

"न्हाई हो, मामा. किल्ला म्हंजी किल्लाच."

सोपाननं घाईघाईनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि मधलं एक चित्र उघडून त्याच्यापुढं धरलं. सगळ्या पुस्तकात त्याला तेच चित्र सापडावं. गावाच्या बंद दरवाजासमोर माणसांची गर्दी, हातात मशाली, काठ्या, तोंडं उघडी. मुकादमानं ते नीट पाहिलं.

"ह्यो मोर्चा कुठला?" तो म्हणाला.

मग रफिक खाली बसला, मांडवातल्या सतरंजीवर, त्याच्या पायाशी. "खेळ हाय, मामा. दुपार जात न्हाई म्हणून खेळतो. मला प्रेसवर नगा घेऊ, झाडू मारायला घ्या. पर आत घ्या. रुईत मला श्वास घेता येत न्हाई."

मुकादमानं पान बाजूला ठेवलं. "तुझ्याबद्दल माझं काय न्हाई रं," तो म्हणाला. "मी बी ठेक्यावरच हाय. वरून इचारलं तर काय सांगू मी? उंदीर माराया आलता म्हणू?"

दुसऱ्या कुठल्याही मांडवात ह्यावर हशा झाला असता. आम्ही तिथून निघालो तेव्हा मागं मजूर खुर्च्या एकात एक घालत होते, तेवढाच आवाज येत होता.

फोन आला तो एका सकाळी. रफिक बूथच्या बाकावर उजाडल्यापासून बसलेला, आम्ही नंतर पोचलो. बूथवाल्यानं रिसिव्हर कानाला लावला आणि ऐकेल ते नाव मोठ्यानं म्हणत गेला, तशी त्याची पद्धतच होती. माझं नाव आलं. गुलाबचं आलं. सोपानचं आलं. सोमवारपासून या. मग त्यानं फोन ठेवला. रफिक म्हणाला, अजून एक असंल बघा. बूथवाला म्हणाला, तीनच सांगितली. रफिकनं पुढं होऊन रिसिव्हर उचलला आणि कानाला लावला. आत काय असणार. तरी त्यानं तो बराच वेळ तसाच धरला, आणि बूथवाल्यानंही त्याला धरू दिला, बाहेर माणसं खोळंबली होती तरी.

कामावर जायच्या आदल्या दुपारी आम्ही वखारीत जमलो. का जमलो कुणास ठाऊक. रफिकनं शिट्टी माझ्या हातात दिली. गेटवरच्या त्या प्रकारावरून फौजी आबांना झापलं होतं, त्यांची पंचाईत नको, उद्या नेऊन दे, म्हणाला. सोपान अस्वस्थ झाला. त्याला वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे.

"शिट्टी असूं दे नायतर नसूं दे," तो म्हणाला. "मी सरकार हाय ना? झालास तू पहारेकरी."

रफिक उंबऱ्यात बसला होता, पण तोंड आता आतल्या बाजूला, रुईकडे. जणू सवय करून घेत होता.

"नको, सोपान," तो म्हणाला. "एका ठिकाणी तरी नियमानं होऊ दे."

पुढं पावसाळे आले, ब्रेक आले. दर ब्रेकला आम्ही त्याच्याकडे जायचो, कधी खेळायचो, कधी नुसतेच बसायचो. गुलाब त्या धुक्याच्या राज्यात जहाजाचा कप्तान झाला, मी दरबारात पोचलो. रफिक उंदीरमाऱ्याच राहिला, सगळी घरं भरलेली, गुण साचत चाललेले. मग सोपान दौंडला निघून गेला, गुलाब मळ्यावर परतला, खेळ बंद पडला. चाचा गेले. मी आता त्याच रस्त्यावर कामगारांची बस चालवतो. तीही ठेक्यावर.

त्या रसवंतीतल्या पोरानं ग्लास न पिताच ठेवला आणि तो घराकडे निघाला. मी मागच्या गल्लीत वळलो. रफिक मशीनवर होता. भुवयांवर रुई, पापण्यांवर रुई, केस किती पांढरे आणि रुई किती ते कळत नव्हतं. मला बघून त्यानं मशीन बंद केलं, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि पायरीवर येऊन बसला. आधी श्वास गोळा केला. त्याला वेळ लागला.

"गेटच्या आत जातूस का कवा?" त्यानं विचारलं.

जातो म्हणालो. बस आत लावावी लागते.

"जुना प्रेस हाय का अजून, खिडकीजवळचा?"

आहे म्हणालो. रंग नवा दिलाय.

तो उठला. पायरीवर उभा राहून त्यानं दोन्ही तळवे एकदम हवेत दाबले, प्रेसची दोन बटणं दाबावी तसे. एक क्षण थांबला. डाव्या हातानं नसलेला तुकडा काढून बाजूला ठेवला, उजव्यानं नवा सरकवला, परत दाबलं. तीन-चारदा. कुठंही चुकला नाही. मग दम लागला तसा भिंतीला टेकला.

"आतलं काम येतंय मला," तो म्हणाला. "हात इसरलं न्हाईत. कुठं जागा निघाली तर सांग. हेल्पर चालंल."

पन्नाशीकडं झुकलेल्या, पायरी चढताना थांबणाऱ्या माणसाला गेटच्या आत कुणी घेत नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. मी म्हणालो, "सांगतो." एवढंच म्हणालो.

तेवढ्यात लग्नाच्या गाद्या न्यायला एक टेम्पो येऊन लागला आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. रफिकनं फडकं परत तोंडावर बांधलं, आत गेला आणि मशीन चालू केलं.